तातीवरचा केस

हाफिजा उलटून बोलत नाही, ही लालबीची सुनेबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार. बाकीच्या होत्याच. भाकरी जाड थापते, टाके लांब घालते, दळण आणायला गेली की वाटेत कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन उभी राहते. पण त्या तक्रारी एकदा बोलून टाकल्या की त्या दिवसापुरत्या संपायच्या. ही संपत नसे. निकाहाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत या बाईनं सासूच्या एका शब्दाला दुसरा शब्द दिला नव्हता. लालबीचा आवाज चढला की पिंजाऱ्यांच्या बोळातून पार पलीकडच्या तालमीपर्यंत जायचा. तालमीतली पोरं जोर मारायची थांबून हसायची. आणि हाफिजा? गिऱ्हाइकाच्या गादीचं तोंड शिवत बसायची. मान खाली, सुई आत, सुई बाहेर. विहिरीत ओरडलं तरी आवाज परत येतो. हिच्यात ओरडलेलं कुठं जातं हे लालबीला कळलं नव्हतं, आणि जे कळलं नाही ते तिच्या पोटात आंबट होऊन बसायचं.

त्या सोमवारी बोर्डिंगाच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा होता. महाराजांनी खेड्यापाड्यांतली पोरं शिकायला कोल्हापुरात आणून ठेवायचं काढलं होतं, आणि शिकणाऱ्या पोरांनाही निजायला गादी लागतेच. लालबीचा मुलगा इलाही हातकमान खांद्यावर टाकून शाहूवाडीकडं गेला होता. भात घरात आलं की तिकडच्या लोकांना उशा-गाद्या आठवतात. तो शुक्रवारी यायचा होता. म्हणून छताला टांगलेली मोठी कमान लालबीनंच धरली होती. पिंजाऱ्यात बाई कमान धरत नाही. नवरा लालासाब गेला तेव्हा जमातीतल्या चौघांनी घरी येऊन तिला हे सांगितलं होतं, आणि तिनं चौघांना पाणी देऊन विचारलं होतं, "मग तुम्ही येणार व्हय पिंजायला? का नुसतं शिकवायला आलाय?" त्यानंतर कुणी आलं नाही. कमानीची तात आतड्याची, ताणलेली. लाकडी ठोक्यानं ती झणकली की खाली पडलेला कापूस जागा झाल्यासारखा उठतो, फुगतो, हवेत तरंगतो, नाकात जातो, पापण्यांवर बसतो. त्या आवाजात लालबीला बरं वाटे. घरात तेवढा एकच आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

आणि तो मधेच बसला. तात वाजली, पण घसा धरल्यासारखी. लालबीनं ठोका खाली ठेवला. न बघताच तिला कळलं होतं. तातीला केस गुंडाळला होता. दोन महिने हे चाललं होतं, एका दिवसाआड, कधी रोज. पिंजाऱ्याच्या कापसात केस म्हणजे हलवायाच्या कढईत माशी. लालासाबनं एका केसापायी अख्खी शिवलेली गादी उसवली होती, तीही गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी. लालबीनं नखानं केस सोडवला, तातीवरून ओरबाडला आणि तोंड फिरवून सुनेच्या अंगावर भिरकावला. "घे. तुझी दौलत सांडलीया. किती येळा सांगितलं, डोसक्याला फडकं बांधून बसत जा म्हणून? तुझ्या म्हायेरात कापसात केस घालून विकत असतील, हितं न्हाय चालत!" हाफिजाच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. घट्ट, कानांवरून. ते लालबीला दिसलंही होतं, पण एकदा तोंडातून निघालेलं वाक्य मागं घ्यायची तिला सवय नव्हती. हाफिजानं जमिनीवरचा केस चिमटीत उचलला आणि ओटीत खोचला. 

कोपऱ्यात चमन बसली होती. लालबीची नात, सहा वर्षांची, इलाही आणि हाफिजाचं एकुलतं लेकरू. पिंजायच्या ढिगाच्या आडोशाला बसून कापसातली सरकी आणि काडीकचरा वेचायचं तिचं काम. चिमटीत कापूस धरायचा, दोन बोटांनी चाचपायचा, ओढून बघायचा. ही रीत लालबीनंच शिकवली होती, आणि पोरीच्या बोटांचं तिला कौतुक होतं. डोक्याला हाफिजानं गुलाबी ओढणी गुंडाळलेली असायची, थंडी असो नसो. दादी ओरडायची थांबली म्हणून की काय, चमन उठली, पाण्याच्या घागरीकडं गेली, वाकली, आणि ओढणी घसरली. उजव्या कानाच्या वर, टाळूकडं जाताना, केस नव्हते. लालबीला वाटलं, उन्हाचा कवडसा पडलाय. मग वाटलं, कापूस चिकटलाय. ती उठून जवळ गेली. तळहाताएवढी जागा. पांढरी नाही, काळी नाही, पोरीच्या पोटाच्या कातडीसारखी, उघडी. लालबीनं तिथं हात ठेवला आणि झटकन काढून घेतला, कारण ती जागा गरम होती आणि तिच्या हाताखाली काहीतरी ठकठक उडत होतं.

"हे काय? हाफिजा! हे काय म्हंते मी?" सुई थांबली, एवढंच. "तुला ठावं हुतं. ओढणी कशापायी बांधतीस त्ये आत्ता कळलं. आई हाईस का कोण हाईस?" हाफिजानं उठून ओढणी पुन्हा बांधली, गाठ मारली, आणि पोरीला स्वतःच्या मागं घेतलं. त्या मागं घेण्यानं लालबीला जास्त झोंबलं. ती काय वाघीण होती? याच पोरीला मोठ्या तापाच्या साली तिनं कळंब्याच्या माळावरच्या झोपडीत सत्तावीस दिवस मांडीवर घेऊन काढलं होतं, जेव्हा अख्खं शहर घराला कडी घालून रानात राहायला गेलं होतं. तेव्हा वीतभर होती चमन. अंगाची भट्टी झालेली. उंदीर मेलेल्या घरातून कापसाची एक गादी बाहेर आणू दिली नव्हती शिपायांनी; सगळी जाळली. कापूस जळताना ज्वाळा करत नाही, नुसता आतल्या आत लाल होत जातो, दोन दोन दिवस. तसं पोर तिच्या मांडीवर आतल्या आत लाल होत होतं. त्या पोरीच्या डोक्यावरचा केस म्हणजे लालबीच्या हिशेबी तिनंच लावलेलं पीक होतं. आणि ते कुणी तरी कापून नेत होतं, आणि आईनं ओढणी बांधून ठेवली होती.

मग तीन दिवस नुसती कारणं ऐकण्यात गेले. शेजारची तानाबाई भाजीचा हारा उतरवून आत आली, पोरीचं डोकं उजेडात धरून म्हणाली, "लालबी, चाई लागलीया. किडा असतोय बारीक, दिसत न्हाय, मुळं खातोय. गुंजा उगाळून लाव. न्हायतर कांदा घास, रक्त फुटस्तवर." कांदा घासला. पोरगी ओरडली नाही, आईसारखीच ओठ आवळून बसली, आणि डोळ्यांतून कांद्याचं पाणी गळत राहिलं. हकिमाची दाढी आधी हलली, मग तो म्हणाला, जुन्या तापाची गर्मी डोक्यात राहिलीय. लालबीनं विचारलं, चार वर्षं झाली, एवढे दिवस कुठं बसली होती ती गर्मी? तो म्हणाला, बीबी, तुम्हीच हिकमत करा मग. मशिदीजवळच्या म्हातारीनं नजर सांगितली. कुणी पोटातले जंत सांगितले, कुणी विहिरीचं पाणी. आणि रात्रंदिवस लालबीच्या डोक्यात मात्र एकच चित्र फिरत होतं: हाफिजाची आई, कबनूरची, निकाहाच्या दिवशी पदर सरकला तेव्हा दिसलेलं तिचं मोठं मोठं कपाळ. रक्तातूनच आलंय. त्या घरातून आलंय. हे कारण सापडल्याबरोबर लालबीला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. जेवून उठताना तिनं सांगून टाकलं, "शुक्करवारी इलाही आला की तू कबनूरला जायाचं. पोरगी हितं ऱ्हाईल. मी बघते तिचं. तुझा हात तिच्या डोसक्यावरनं उठला की केस येतील." हाफिजानं ताट उचललं. एकदाच तिनं मान वर केली, आणि लालबीला वाटलं, आता बोलेल. ओठ उघडलेही. मग तिचं लक्ष चमनकडं गेलं, आणि ते पुन्हा मिटले. अशा बाईला ठेवून करायचं काय? लेकरू काढून घेते म्हटलं तरी बोलत नाही!

गुरुवारी सकाळी ती चमनला घेऊन दवाखान्यात गेली, हाफिजाला न नेता. शिवाप्पा डॉक्टर घराच्या ओळखीतला. त्याच्या आईच्या रुखवतातली गादी लालासाबनं पिंजलेली. मुंबईला शिकून आलेला, पण बोलणं अजून इकडचंच. त्यानं पोरीला खिडकीजवळ बसवलं आणि भिंग घेऊन डोक्यावर वाकला. फार वेळ बघत होता. लालबीला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता, आणि बाहेर कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं, आणि तिला वाटत होतं, सांग लेका, एकदाचं नाव सांग, कसलं का असेना.

"आज्जी," तो म्हणाला, "पोरांचा केस जायला बरीच कारणं असतात बघा. गजकर्ण असलं तर जातोय, पण मग कोंडा धरतोय, खवलं निघतात, खाजतंय. हितं कातडी साफ हाय."

"मग गजकर्ण न्हाय."

"न्हाय वाटत. चाई असली तर जागा आरशागत गुळगुळीत होत्या, गोल. ही गोल न्हाय. मोठा ताप आला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतोय, पण सगळ्या डोक्याचा. अंगात रक्त कमी असलं, खाणं निकस असलं, तरी विरळ होतोय. वेणी करकचून घातली तर कपाळाकडनं मागं हटतोय. कधी गळ्यातल्या गाठीचा दोष असतोय..."

"शिवाप्पा," लालबी म्हणाली, "तू मला बाजार दाखवतोयस. मला एक जिन्नस पायजे. हिला काय झालंय?"

त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. भिंगाखाली नातीचं डोकं एकदम रानासारखं झालं. "बघा. एक केस लांब. त्याच्या शेजारचा आखूड. त्याच्या शेजारी नुसता खुंट. रोगानं असं होत न्हाय. हे हाताचं काम वाटतंय मला. काही पोरं आपलं आपणच उपटतात, आज्जी. त्यांना कळत बी न्हाय."

"आमच्यात कुणी येडं न्हाय," लालबी म्हणाली, आणि बाहेरचं खोकणं थांबलं.

"येडं कोण म्हणतंय? परीक्षा आली की मी नखं खायचो, रक्त येईस्तवर. मन कुठं तरी अडकलं की हात काम काढतोय. पण मी अजून छातीठोक सांगत न्हाय. गळालेला केस आणा मला. मुळासकट आलाय का मधेच तुटलाय, बघतो. आणि मी तरी कशाला? तंतू तुटका का अख्खा, हे तुम्ही डोळं मिटून सांगता म्हणतात की गावात."

परतीच्या वाटेवर लालबी इतक्या तरातरा चालली की चमनला पळावं लागलं. मुंबईला शिकून आला आणि शेवटी काय सांगितलं? हाताचं काम. कुणाचा हात? नखं खायचो म्हणे. नखं तर इलाहीही खायचा. हे तिला कशाला आठवलं? लालासाब जिवंत असताना, तिची आणि लालासाबची जुंपली की पोरगं दाराआड बसून बोटं तोंडात घालायचं, नखं संपली की कातडं. आठ वर्षांचा घोडा. तिनं एक दिवस चिमटा चुलीत तापवला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला टेकवला. एकदाच. सवय गेली. तो डाग अजून आहे, गुळगुळीत, रेषा नसलेला. तात चढवताना तेवढं बोट घसरतं त्याचं. ही गोष्ट ती अभिमानानं सांगायची. हाफिजा घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिला इलाहीचा हात धरून दाखवलं होतं, लेकरू असं वळवायचं असतं म्हणून. तेव्हा हाफिजानं ते बोट आपल्या पदरानं पुसलं होतं. पुसून जाणार होतं काय? बावळट. चमनचा हात तिच्या हातात होता, लहान, घामेजलेला. त्याची दोन बोटं तिच्या तळव्यात एकमेकांवर घासत होती, कापूस चाचपावा तशी, सारखी. लालबीनं तो हात सोडला आणि पुन्हा धरला.

गळालेला केस आणा. पण गळालेला केस होता कुठं? तळहाताएवढं डोकं मोकळं झालं, म्हणजे मूठभर तरी केस पडायला हवा. उशीवर नव्हता. चटईवर नव्हता. झाडलोट लालबी स्वतः करायची, तिला एक दिसला नव्हता. घरात आल्यावर तिनं चमनला तिच्या कोपऱ्यात बसवलं, हाफिजाला तिच्या गादीशी, आणि कमान धरली, कारण कमान धरल्याशिवाय तिला विचार करता येत नसे. झण, झण, झण. कापूस उठला. आणि आवाज बसला.

या वेळी तिनं ओरबाडलं नाही. नखानं एकेक वेढा सोडवला, केस तळहातावर घेतला, आणि डोळे मिटून दोन अंगठ्यांत धरला. चार बोटांएवढासुद्धा नव्हता. मऊ. पिंगट असणार, न बघताही सांगता येत होतं. एका टोकाला मूळ, तिळाच्या दहाव्या हिश्श्याएवढं. ओढून काढलेला. हाफिजाचा केस कमरेखाली जायचा, घोड्याच्या शेपटाचा, काळा, जाड. आंधळ्यालाही फरक कळला असता. दोन महिने लालबी हा केस तातीवरून काढत होती आणि सुनेच्या अंगावर फेकत होती, आणि एकदाही तिनं तो बोटांत धरून बघितला नव्हता. तिची बोटं! ज्या बोटांना बाजारातले व्यापारी भितात, ती. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली आणि त्याच क्षणी राग आला, आणि राग आला की तो कुठं पाठवायचा याची वाट ठरलेलीच होती. तोंड उघडलं. मग ती थांबली. तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती इतकी वाईट होती की करून बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"हाफिजा," तिनं सुरुवात केली, नेहमीच्या आवाजात, नजर कापसावर ठेवून, "हे टाके हाईत का बैलाची वैरण पसरलीया? हात मोडलेत काय तुझे?" आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. ढिगाआड गुलाबी ओढणी हलली. हात वर गेला. दोन बोटं ओढणीच्या कडेतून आत शिरली. "कबनूरच्या लोकांनी काय शिकवून धाडलं तुला?" बोटांनी चिमूट धरली, चाचपली, अगदी लालबीनं शिकवलं होतं तशी. चमनचं तोंड आईकडं होतं; डोळे आईच्या मिटलेल्या ओठांवर. "गप काय बसतीस, तोंड शिवलंय का..." हात खाली आला, ढिगात गेला, काहीतरी कापसात खुपसलं. लालबी गप्प झाली. पोरीचे हात मांडीवर पडले. लालबीनं मनात वीस मोजले. हात तसेच. तिनं पुन्हा तोंड उघडलं, नुसतं "आनि काय गं" एवढंच म्हटलं, आणि ओढणी हलली. एवढ्या दिवसांत कुणी तिला असं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. तिला वाटलं, तिचा आवाज सुनेच्या विहिरीत जाऊन नाहीसा होत नव्हता. तो तिथून वाट काढून या कोपऱ्यात येत होता.

ती उठली तेव्हा गुडघे वाजले. ढिगाच्या मागं हात घालून तिनं दाबून बसवलेली, सुपारीएवढी केसांची गोळी काढली. चमननं ती बघितली आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले, बोटं मुठीत आवळून. हे लपवणं लालबीनं ओळखलं. इलाहीनंही असंच लपवले होते. "जा तानाबाईकडं," ती म्हणाली, "कोथिंबीर मागून आण जा." पोरगी भिंतीला धरून धरून बाहेर गेली.

"ओटीत काय हाय तुझ्या? काढ."

हाफिजानं सुई गादीत टोचून ठेवली. ओटीतून लहानशी चिंधी काढली, गाठ सोडली. दोन महिन्यांचे केस होते, भिरकावलेले सगळे, नीट एका दिशेनं लावलेले.

"कधीपासनं ठावं हाय?"

"मोहरमच्या आधीपासनं."

"मग मला का न्हाय सांगितलंस? दोन महिनं शिव्या खाल्ल्यास. उद्या लेकरू सोडून कबनूरला गेली असतीस. एका शब्दानं सांगाय काय झालतं?"

हाफिजानं मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती सासूच्या तोंडाकडं बघत होती. आणि लालबीला दिसलं की हिचे डोळे अजिबात खाली बघणाऱ्या बाईचे नव्हते.

"त्यांचं बोट, अम्मा," हाफिजा म्हणाली.

बाहेर तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला. कमान छताला टांगलेली हलत होती, आणि तात कुणी न वाजवताही बारीक गुणगुणत होती, किंवा ते लालबीच्या कानातच होतं. कापसाचा एक पुंजका हवेतून उतरत उतरत चिंधीवरच्या केसांवर येऊन बसला. लालबीनं तो फुंकरला नाही. तिला पाणी हवं होतं, पण घागरीपर्यंत जायचं म्हणजे पाठ वळवावी लागली असती, आणि तिनं कधी कुणाला पाठ दाखवली नव्हती. तिनं केसांची गोळी चिंधीत ठेवली, चारी टोकं जुळवली, आणि गाठ स्वतः मारली. गाठ दोनदा सुटली.

"ऐक," ती म्हणाली, आणि आवाज चढू नये म्हणून तिला दात आवळावे लागले. "चूक तुझी हाय. माझी आसंल त्ये माझं मी बघीन, त्यात तू पडू नगंस. तुला वाटलं, ही म्हातारी चिमटा तापवंल. तापवला आस्ता, मी खोटं न्हाय बोलत. पर तू म्होरं हुबं ऱ्हाऊन म्हणाय पायजे हुतंस की, हात लावून बघ माझ्या पोरीला! ती बघतीया, मी बोलते आनि तू गिळतीस, आनि तुझ्या वाटचं ती पोर डोसक्यातनं उपटून काढतीया. कबनूर न्हाय नि फिबनूर न्हाय. हितं ऱ्हायाचं. आनि उद्यापासनं मी एक बोलले की तू दोन बोलायचं, तालमीतल्या पोरांस्नी ऐकू जाईल आसं, माझ्या पोरीचा हात मांडीवरनं उठायच्या आत!"